न धुतलेली ओढणी

लाँड्रीवाल्याने थंड इस्त्री उचलून बायकोच्या कपाळावर हाणली. रक्ताने तिची ओढणी भिजली. सवयीने तिचा हात बादलीकडे गेला. रक्ताचं कापड सुकण्याआधी गार पाण्यात बुडवायचं, हे तिच्या अंगात भिनलं होतं. याआधी दोनदा तिने असंच धुतलं होतं. ते ऐकून समोरच्या वकीलबाई म्हणाल्या होत्या, "पुन्हा हात उचलला तर घरात मिटवू नका, तशाच माझ्याकडे या. पुरावा धुऊ नका, बाई." तिने हात मागे घेतला आणि ओढणी गिऱ्हाइकाच्या अभ्र्यात कोंबली. "अगं, सुकलं तर निघायचं नाही," सासू कळवळली. "नकोच निघायला, आई." नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "आण इकडे, मी धुतो," तो मऊ आवाजात म्हणाला. वीस वर्षांत त्याने तिचं फडकंही धुतलं नव्हतं. कपाळ न पुसता, अभ्रा काखेत मारून तिने रस्ता ओलांडला.