पोटऱ्यांवरचे वण

"जावईबापू, तुम्हांला पटायचं नाही, पण या पोटऱ्या बिबट्याने सोलल्यात!" गरम कुंडाच्या काठावर पोटऱ्यांवरचे वण दाखवत मी म्हणालो.

"मी स्नानाला उतरतोय, तोच त्याने मागून झडप घातली. मांस लोंबलं, पाणी लाल झालं. मी दोन्ही हातांनी त्याचा जबडा फाडला आणि फरफटत नेऊन भात शिजवायच्या कुंडात बुडवला. तडफडून मेला!"

जावई डोळे विस्फारून बघत राहिला. लग्नानंतर आज पहिल्यांदाच तो मला मान देत होता.

उकळत्या कुंडात तांदळाची पुरचुंडी सोडत बायको म्हणाली, "बिबट्या कसला! आधी पाय घालून बघा म्हणत होते मी. यांनी ह्याच गुडघाभर पाण्याच्या कुंडात धाडकन उडी मारली. केस धरून मी ओढलं, तेव्हा पोटऱ्यांची कातडी पाण्यातच राहिली!"