दार अडून बसलं

ज्याने कोड लिहिला, त्याच्याच घरावर आधी चाचणी, असा कंपनीचा नियम होता. म्हणून ऋजुता सकाळपासून स्वतःच्याच घरात अडकली होती. डबा विसरून निघालेल्या माणसाला वासावरून ओळखून अडवायचं, एवढंच तिने दाराला शिकवलं होतं. तिचं दार पास झालं, की आजच शहरातली सगळी दारं तशीच होणार होती.

डबा हातात होता, तरी दार म्हणत होतं, “डबा विसरलात.”

तिने सगळा कोड पुन्हा पालथा घातला. चूक सापडेना. शेवटी सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “अगं, पण डब्यात आहे काय?”

“काही नाही हो आई, नुसता चाचणीपुरता...” बोलता बोलता ऋजुताने जीभ चावली.

सासूबाईंनी हसत पोळ्या आणि भेंडीची भाजी भरून दिली. दार मुकाट्याने उघडलं. चाचणी पास!

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या बॉसचा, बिवलकर साहेबांचा, फोन आला. “ऋजुता, दार सोडत नाहीये! डबा आहे माझ्या हातात!”

“सर, आत काय आहे?”

साहेबांचा आवाज खाली आला. “बायको माहेरी गेलीय गं.”

“मग कणीक मळायला घ्या, सर,” ऋजुता म्हणाली. “मीटिंग मी पुढे ढकलते.”