दारातला पहारा

"वजन किती भरलं?" आरोग्यसेविकेनं सुनेला विचारलं. उत्तर सासूनं दिलं.

"मागच्यापेक्षा दीड किलो जास्त."

सासूचं शिलाई मशीन ऐन दारात होतं. पूर्वी ते खिडकीशी असायचं. सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि ते दारात आलं. आता मांजरसुद्धा बाहेर जायचं ते म्हातारीला विचारून.

सुनेला दोन मुली. आरोग्यसेविकेनं बावीस वर्षांत अशी घरं पाहिली होती. दुसऱ्या मुलीनंतर सासवा गोड बोलू लागतात. मग एक दिवस सून कुठल्याशा पाहुण्यांकडे जाते आणि रिकामी परत येते. म्हणून ती या घरी दर मंगळवारी यायची, काम नसलं तरी.

"सोनोग्राफीला मी आत येणार," सासू म्हणाली.

"तुमचं आत काय काम?"

"येणार म्हणजे येणार."

"मुलगा की मुलगी ते डॉक्टर सांगत नाहीत, आजी. गुन्हा आहे तो."

मशीन थांबलं. "कुणी कितीही गळ घातली तरी?"

"कितीही."

"नक्की ना?"

हिचा काही भरवसा नाही, आरोग्यसेविकेनं मनाशी म्हटलं. लोहाच्या गोळ्या देताना ती सुनेच्या कानाशी लागली, "घाबरू नकोस. मी आहे."

सून खाली बघत राहिली.

पाच महिन्यांनी मुलगी झाली. तीन किलोची, खणखणीत आवाजाची.

आरोग्यसेविका धाकधुकीतच घरी पोचली. सासू पाय पसरून बाळाला तेल चोळत होती. "नाक तेवढं माझ्यावर गेलंय. बाकी पोरगी देखणी आहे!" मोठ्या दोघी खिदळत होत्या.

आरोग्यसेविकेला भरून आलं. सासू हात धुवायला गेली, तशी ती सुनेजवळ सरकली.

"त्यांना मी उगाच वाईट ठरवलं गं. मला वाटायचं, चोरून तपासणीला नेतील तुला."

सुनेनं बाळाला छातीशी घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं आरोग्यसेविकेच्या डोळ्याला डोळा दिला.

"त्या नव्हत्या, ताई. मी निघाले होते."