फाटकावरची मिठी

कपड्यांआडचं हत्यार लांबूनच दाखवणारं रडार घेऊन मी कोल्हापूरच्या पोलीस मैदानावर चाचणीला आले, तेव्हा माझे निवृत्त हवालदार वडील पहिल्या रांगेत बसले होते. मला नव्वदीतलं फुटबॉलचं मैदान आठवलं. शिवाजी पेठेची मॅच असली की वडील तिथे बंदोबस्ताला असायचे आणि मी त्यांना डबा द्यायला जायचे. फाटकावर ते प्रत्येक पोराला मिठी मारून आत सोडायचे. मिठीत हाताला लपवलेला चाकू जाणवला, तर कानात म्हणायचे, “ह्यो माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. तू जा, मॅच बघ.” मागच्याला पत्ताही लागायचा नाही. आता शर्टाखाली चाकू लपवून आमचा सहकारी रडारसमोरून गेला. पडद्यावर लाल डाग उमटला, भोंगा वाजला, सगळ्यांनी वळून पाहिलं. नाटकच होतं, तरी त्याची मान खाली गेली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. वडील माझ्याजवळ आले. “मशीन झ्याक हाय, पोरी. पर कानात कोण सांगणार?”