हं

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी सिगारेट सोडली आणि निकोटिनचा गम धरला, तो काही केल्या सुटेना. कापड बेतताना गालात गम, मशीनवर बसले तरी गालात गम. तोंड उघडलं की मजा जाते, म्हणून बायको काहीही बोलली की मास्तर नुसतं "हं" म्हणायचे.

"अहो, अशानं तोंडाचं बोळकं होईल!"

"हं."

शेवटी जेवताना जबडा कटकट वाजायला लागला, तशी ती त्यांना ओढतच दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणजे मास्तरांचा सख्खा भाचा. त्यानं तोंडात आरसा घातला आणि कपाळाला हात लावला. "मामा, हिरड्यांची पार वाट लागलीय. असंच चाललं तर दात हातात येतील. गम आजपासून बंद!"

"मी कधीची सांगतेय!" मामीनं लगेच पिशवीतली सगळी पाकिटं कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी मास्तर रिकाम्या तोंडानं घरभर फिरले. "हे जांभळे पडदे कुणी आणले? हे मांजर कुणाचं? आणि तुझा भाऊ अजून गेला कसा नाही?"

"सगळं तुम्हाला विचारूनच केलंय! तुम्ही 'हं' म्हणालात!"

"ते 'हं' होतं, 'हो' नव्हतं!"

संध्याकाळी भाच्याचा फोन वाजला. पलीकडे मामी होती.



"अरे, दातांचं काय एवढं, कवळी बसवता येते. तू आधी मामांचा गम सुरू कर!"