सात डबे

"आई, तुझे सगळे डबे आणलेत गं," म्हणत मृण्मयीने माझं नाव कोरलेले स्टीलचे सात डबे ओट्यावर रचले आणि सोफ्यावर लोळत टीव्ही लावला.

चार वर्षं ती सासरी खाऊ घेऊन जायची. डबे परत आण म्हणून मी ओरडायचे, पण एकही यायचा नाही. आज सातही आले, घासूनपुसून.

कुकरमध्ये गुळाचा खरवस वाफत होता. आजच सगळे कसे, हे विचारायचा धीर होईना. वड्या गार झाल्यावर नेहमीसारख्या जावईबापूंसाठी चार वड्या मी सगळ्यात लहान डब्यात भरल्या.

झाकण लावणार तोच तिने माझा हात धरला.

"नको, आई. हा डबा परत कोण आणणार?"