खंडेनवमीचे पेढे
मुरुडच्या गॅरेजात खंडेनवमीची पूजा मांडली होती, पण ब्रेक लायनर घासायचं जुनं मशीन धुळीनं माखलेलंच होतं. “मुक्ता, हवा मार पटकन!” मालक रामलिंगअप्पा खेकसले. मुक्ताचा नवरा याच मशीनवर राबला आणि खोकून खोकून गेला. आता त्याच्या जागी ती होती. “अप्पा, ओल्या फडक्यानं पुसते. हवेनं धूळ छातीत जाती.” “पाण्यानं मशीन गंजंल. अन् धुळीनं काय होत नसतंय कुणाला!” “बरं.” तिनं कॉम्प्रेसरचा पाइप उचलून हवा सोडली. राखाडी धूळ उसळली आणि पूजेच्या ताटातल्या पेढ्यांवर बसली. कामगार खोकत मागं सरले. तिनं पाइप खाली ठेवला, ताट उचललं आणि अप्पांसमोर धरलं. “धुळीनं काय होत न्हाई ना? मग घ्या, पैला प्रसाद तुमाला.” अप्पांचा हात पुढं आला नाही, रुमालासकट तो नाकावरच राहिला.